राखीव कडवं

नाटकातली पदं लिहिणाऱ्याचं नाव तबकडीवर छापत नसत. गाणाऱ्याचं छापत, नाटकाचं छापत, रागाचं छापत (ते पुष्कळदा चुकीचं असे) आणि तबकडी काढणाऱ्या कंपनीचं तर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापत. शिवाय पद संपलं की गायक खणखणीत आवाजात स्वतःचं नाव सांगे, म्हणजे वाचता न येणाऱ्यांचीही सोय झाली. पदकर्त्याची सोय कुणी पाहिली नाही. मला याचं फार आश्चर्य वाटलं नाही. मी नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होतो. आम्ही जो कागद छापत होतो त्यावर सही दुसऱ्याचीच असे, आणि ती सही नसती तर त्या कागदाला कुणी विचारलं नसतं. तेव्हा इथंही मी कुणाचं नाव लिहिणार नाही. परंपरा जुनी आहे, मी मोडणारा कोण.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई अशाच एका पदकर्त्याच्या कन्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणत, "बाबा गावभरच्या लग्नांची मंगलाष्टकं लिहीत होते, घरच्यासाठी वेळच मिळाला नाही त्यांना." कॉलनीत सगळेच त्यांना बाई म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. मला त्या 'प्रेसवाले' म्हणत. वास्तविक कॉलनीतले निम्मे पुरुष प्रेसवाले होते, पण बाकीच्यांना त्या ज्याच्या त्याच्या नावाने हाक मारत, त्यामुळे घोटाळा होत नसे.

संध्याकाळी प्रेसचा भोंगा झाला की मी घरी येऊन चहा घेई आणि बऱ्याचदा खाली बाईंकडे जाऊन बसे. माझ्याकडे पुस्तकं होती, त्यांच्याकडे आठवणी. देवाणघेवाणीत फायदा माझाच होत होता.

त्यांचे वडील बागलाणातल्या एका खेड्यातले. घरात अहिराणी. शिकून मास्तर झाले, वृत्तं तोंडपाठ केली, आणि एका शाळेत मुलांना कविता शिकवत असताना त्या गावात एका नाटक कंपनीचा मुक्काम पडला. कंपनीच्या कवीचं मालकाशी भांडण झालं, कवी वळकटी गुंडाळून निघून गेला, आणि नव्या नाटकात दोन पदं कमी पडली. मास्तरांनी ती लिहून दिली. कंपनी हलली तेव्हा शाळेला रजेचा अर्ज पाठवून तेही तिच्याबरोबर हलले. ती रजा बरीच लांबली.

या कामाबद्दल माझी जी काव्यमय समजूत होती ती बाईंनी पहिल्या आठवड्यातच मोडली. नाटक लिहिणारा मोठा माणूस वेगळा, तो मुंबईला. त्याने फक्त 'येथे पद' असं लिहून जागा सोडलेली. चाल आधी ठरे. मालक ती कुठूनही आणी: एखाद्या बैठकीतली ठुमरी, पारशी कंपनीतलं गाणं, कर्नाटकातलं भजन. पेटीवाला ती वाजवी आणि मास्तर बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत तिच्यात शब्द भरत. भजनाच्या चालीत नायिकेचा रुसवा बसवायचा आणि ठुमरीत गणपतीची प्रार्थना, असं ते काम. त्यावर आणखी एक अट होती. कंपनीत नायिकेचं काम करणाऱ्या नटाचा आवाज गोड, पण तान फक्त 'आ'वर मोकळी निघे. 'ई' आला की चेहरा वाकडा होई, आणि पातळ नेसून चेहरा वाकडा झालेला प्रेक्षकांना चालत नसे. म्हणून मास्तरांच्या पदांत ओळ संपताना रात, वात, दार, भार हेच शब्द फिरून फिरून येतात.

नाट्यपदांच्या इतिहासावर एका प्राध्यापकांचा जाडजूड ग्रंथ आहे. त्यात बाईंच्या वडिलांना दीड ओळ मिळाली होती. यमकांचं दारिद्र्य, असा अर्ध्या ओळीचा निकाल. आणि यांच्या नायिका सदा कुरकुरणाऱ्या, असा उरलेल्या एका ओळीचा. ग्रंथ मीच बाईंना वाचायला नेऊन दिला होता. त्यांनी ती दीड ओळ वाचली, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाल्या, "यमकांचं राहू द्या. त्याला त्या नटाचा जबडा जबाबदार. पण कुरकुरणाऱ्या नव्हेत हो त्या."

आणि मग त्यांनी राखीव कडव्याचं सांगितलं.

त्या काळी पद रंगलं की प्रेक्षक वन्स मोअर देत आणि नट तेच पद पुन्हा म्हणे, हे मला माहीत होतं. मास्तरांना ते तेच-तेच पटत नसे. नायिका एकदा रागावून सांगून मोकळी झाली, आता लोकांनी टाळ्या दिल्या म्हणून पुन्हा त्याच शब्दांत रागावली तर तिचा राग खोटा ठरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते प्रत्येक पदाला एक कडवं जास्त लिहीत. ते नटाला पाठ असे, पण म्हणायचं ते फक्त वन्स मोअर आला तर. आणि या राखीव कडव्यात नायिका विरघळे. पहिल्यांदा ती दार लावून घेई, वन्स मोअरला उघडी. ज्या गावात प्रयोग पडला त्या गावात ती रुसलेलीच राही. लोकांनी मागितलंच नाही तर ती तरी काय करणार.

पुढे गाणी भरून घेणारे आले. नट मुंबईला जाऊन कर्ण्यासमोर गाऊन आला. तबकडीच्या एका बाजूला मिनिटं तीनच, त्यात आलाप हवा, ताना हव्यात, शेवटी स्वतःचं नाव सांगायला सवड हवी. राखीव कडवं मुंबईला पोचलंच नाही. मास्तरांची जेवढी पदं भरली गेली तेवढ्या सगळ्या नायिका तबकडीवर कायमच्या रुसून बसल्या. मास्तरांनी आपलं पद तबकडीवर पहिल्यांदा ऐकलं ते नाशकातल्या एका चहाच्या हॉटेलात. गिऱ्हाइकांनी वन्स मोअर दिला, मालकाने सुई उचलून पुन्हा कडेला ठेवली आणि तीच नायिका त्याच शब्दांत पुन्हा रागावली. मास्तर कप तसाच ठेवून उठले. घरी येऊन एवढंच म्हणाले, "हाई काय शे?" रागावले की ते घरच्या भाषेत जात.

बोलपट आले, कंपनी बुडाली, मास्तर नाशकात शाळेत लागले आणि उरलेल्या आयुष्यात त्यांनी मागणीप्रमाणे मंगलाष्टकं लिहिली. वधूवरांची, दोन्हीकडच्या व्याह्यांची नावं गुंफून. पंचवटीपासून देवळालीपर्यंत कितीतरी लोक त्यांच्या अक्षरांवर तांदूळ टाकून संसाराला लागले असतील. त्या कामाबद्दल त्यांची एकच तक्रार होती म्हणे, की तिथं वन्स मोअर नसतो.

राखीव कडवी आता फक्त बाईंना येत होती. मी अर्थातच म्हणालो, सांगा, मी उतरवून घेतो. बाईंनी नकार दिला. वडिलांचा नियम होता: न मागता दिलेलं कडवं म्हणजे आगाऊपणा. मी म्हणालो, मागतोय की मी. त्यावर त्यांनी माझ्याकडे शाळेतल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं.

"तुम्ही कडवं मागताय, प्रेसवाले. वन्स मोअर आधी पदाला द्यायचा असतो. कडवं आहे हे ज्याला माहीत नाही, त्याने दिलेला."

म्हणजे झालं असं, की जे आहे हे मला ठाऊक होतं ते ठाऊक असल्यामुळेच मला मिळणार नव्हतं. बाईंच्या मनात मात्र ती दीड ओळ सलत होती. बोलत नसत, पण ग्रंथ परत देताना त्यांनी त्या पानात खूण म्हणून घातलेलं बसचं जुनं तिकीट काढलं नव्हतं. एकदा, निदान एका पदाला, लोकांसमोर खरा वन्स मोअर यावा आणि ती नायिका विरघळावी, एवढं त्यांना हवं होतं. पंचाहत्तरीला आलेल्या बाईंचं ते मागणं मला मोठं वाटे, कारण त्यासाठी कुणाचाही वशिला लावता येत नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा शहरातल्या एका मंडळाला मास्तरांची जन्मशताब्दी आठवली. शताब्दी खरं म्हणजे होऊन गेली होती, पण मंडळाला सवड आत्ता झाली. अध्यक्ष अंबडच्या एका कारखान्याचे मालक, हसतमुख, जरीच्या उपरण्याचा शौक असलेले. शहरातल्या बहुतेक समित्यांचे ते अध्यक्ष असत, आणि त्यामुळे प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचत. त्यांना मी आतापर्यंत तीन-चार कार्यक्रमांत पाहिलं होतं, पण एकाही कार्यक्रमाची सुरुवात त्यांनी पाहिली असेल असं मला वाटत नाही. मंडळाने बाईंना कळवलं की मास्तरांचं एखादं गाणं ऐकवता आलं तर बरं, आणि प्रमुख वक्ते म्हणून दीड ओळीवाले प्राध्यापक येणार आहेत.

बाईंकडे मास्तरांच्या पदांच्या थोड्या तबकड्या होत्या आणि चावीचा एक फोनो होता, पण त्याची स्प्रिंग तुटलेली. नाशकात दुरुस्त करणारा मिळेना. मालेगावात एक मिस्त्री शिलाई मशीन आणि जुने फोनो दोन्ही सुधारतो असं कळलं, तेव्हा एका रविवारी मी आणि बाई एसटीने फोनो मांडीवर घेऊन निघालो. मिस्त्रीचं दुकान यंत्रमागांच्या गल्लीत. मागांच्या खडखडाटात त्याला कोणती तबकडी बरोबर वाजते आणि कोणती नाही हे कसं कळे, ते तोच जाणे. त्याने नवी स्प्रिंग बसवली, बाईंची तबकडी लावली, आणि पद संपल्यावर बोट वर करून म्हणाला, "एक बार और."

मी बाईंकडे पाहिलं. माझ्या तोंडावर जे काही होतं ते बाईंना दिसलं असावं.

"तो स्पीड जुळवतोय," त्या म्हणाल्या.

खरंच तो स्पीडच जुळवत होता. पहिल्या वेळी नायिका मच्छरासारखी गायली होती.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, समारंभात मी दोन-तीन मित्रांना मागच्या रांगेत बसवतो, ते देतील वन्स मोअर. बाई चांदवड येईपर्यंत फोनोवरची धूळ पदराने पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, भाड्याचे वन्स मोअर कंपनीतही असत, मालक पिटातल्या पोरांना चहा पाजून ते घेई. पण ते बाबांना लगेच ओळखू येत, ते टाळीच्या आधी येत म्हणून. आणि असा वन्स मोअर आला तर नटाला ताकीद होती की जुनंच कडवं पुन्हा म्हणायचं.

घरी आल्यावर माझ्या बायकोनेही प्रयत्न केला. तिने खाली जाऊन पद ऐकलं, डोळे टिपले, आणि वन्स मोअर म्हणाली. बाईंनी तिला जवळ बसवून चकल्या खायला दिल्या. कडवं दिलं नाही. "तुला माझी दया आली, बाळ," म्हणाल्या. "ते वेगळं." बायको वर येऊन मला म्हणाली, या बाईंच्या हाताखाली शिकलेली मुलं परीक्षेत कशी पास झाली असतील कोण जाणे.

समारंभाच्या दिवशी आम्ही फोनो रिक्षात घालून सभागृहात वेळेवर पोचलो, ही आमची पहिली चूक. व्यासपीठावर कापडी फलक होता. मास्तरांचा फोटो उपलब्ध नव्हता, कारण कंपनीच्या सगळ्या फोटोंत ते मागच्या रांगेत कुणाच्या तरी फेट्यामागे उभे. म्हणून चित्रकाराने वीणा काढली होती आणि शेजारी अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो लावला होता. नव्या माणसाला शताब्दी कोणाची ते लगेच कळलं असतं आणि चुकीचं कळलं असतं. व्यासपीठावरच्या मधल्या खुर्चीवर कुणी नव्हतं. अध्यक्ष दुसऱ्या एका उद्घाटनाला अडकले होते.

त्यांची वाट पाहण्यात स्वागत झालं. मग प्रास्ताविक झालं, ते लांबवलं गेलं. शेवंतीचे हार मखमलाबादकडच्या मळ्यांतून सकाळीच आले होते, ते ताटात बसून मलूल झाले. मंडळाच्या सचिवांनी आभार आधी मानून घ्यावेत अशी सूचना कुणीतरी केली. मग प्राध्यापक उठले. त्यांनी नाट्यपदांचा सबंध इतिहास सांगितला, त्यात मास्तर आले आणि गेले. सौजन्य म्हणून त्यांनी दारिद्र्य हा शब्द टाळून साधेपणा असं म्हटलं. नायिकांची कुरकुर मात्र कायम ठेवली. बाई पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, वर्गावर तपासणीला आलेल्या साहेबाचं भाषण ऐकावं तशा.

शेवटी पद लावायचं ठरलं. फोनो टेबलावर, त्याच्या कर्ण्यापुढे माइक, आणि शेजारी माझा टेपरेकॉर्डर. मी चावी दिली. खरखर झाली आणि त्यातून ती आली:

बोलु नको रे आता, सरली रात
वाट पाहुनी विझली घरची वात

आवाज पातळ होता, पण सुरेल होता. सभागृहात खुर्च्यांची कुरकुर थांबली. लोक खरंच ऐकत होते, हे मला कबूल करायला हवं. मी त्यांना कमी लेखत होतो. 'वात'वरची तान जिथं पोचायची तिथं पोचली, पद संपलं, आणि त्या गेलेल्या नटाने ओरडून स्वतःचं नाव सांगितलं. लोक हसले, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या, मनापासून. आणि मग टाळ्या संपल्या.

कुणी वन्स मोअर दिला नाही. देणार तरी कसा? यंत्राला कोण वन्स मोअर देतो? पद आवडलं तर लोक यंत्रवाल्याकडे बघतात, पत्ता विचारतात, कॅसेट मिळेल का विचारतात. ही साधी गोष्ट मला इतके दिवस सुचली नव्हती. बाईंना सुचली असावी. त्यांनी पदर सारखा केला आणि चप्पल पायात सरकवली.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि अध्यक्ष आले. उपरणं, हसू, मागे दोघे-तिघे. चालता चालता दोन्ही बाजूंना नमस्कार. थकलेले हार सरसावले. ते व्यासपीठावर चढले, मधल्या खुर्चीत बसले, सचिवांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. अध्यक्षांनी फोनोकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खरोखर पडला. मी त्यांचा चेहरा पडलेला आधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी माइक ओढून घेतला.

"गाणं झालं म्हणे. माझी आई गुणगुणायची ही गाणी. माझ्यासाठी वन्स मोअर होऊ द्या, ही विनंती."

सभागृहात हलका कंटाळा पसरला. प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं. मी मनात म्हटलं, घ्या, सगळ्या गावाने ऐकलं, यांना आता वेगळं हवं. फोनोला चावी द्यायला मी हात पुढे केला आणि कुणीतरी माझं मनगट धरलं. बाई व्यासपीठावर आल्या होत्या.

"सुई नका ठेवू," त्या म्हणाल्या.

मी हळूच म्हणालो, "बाई, हा वन्स मोअर धरायचा? त्यांनी तर ऐकलंच नाहीये."

"बाबांच्या वेळी निम्मे असलेच असत. जहागीरदार जेवून उशिरा यायचे, पद हुकायचं, मग वन्स मोअर." त्यांनी माइक आपल्या उंचीला खाली ओढला. "भाड्याचा नाही, दयेचा नाही. याला खरंच पाहिजे."

आणि त्यांनी म्हटलं. गायल्या असं म्हणवत नाही. शाळेत कविता चालीवर म्हणून दाखवतात तसं, पण चाल तीच, आणि जिथं तान होती तिथं नुसता लांबवलेला 'आ':

उजाडले तरि ये ना, उघडे दार
रुसण्याचाही मज सोसेना भार

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणीतरी. उशिरा आलेला मनुष्य हार घालून मधोमध बसला होता आणि एक म्हातारी त्याला, ये बाबा, दार उघडंच आहे, म्हणत होती. अध्यक्षांच्या ते लक्षात आलं की नाही मला सांगता येणार नाही. ते डोळे मिटून, मान हलवत ऐकत होते. मग टाळ्या झाल्या, आणि त्या पहिल्या टाळ्यांपेक्षा थोड्या वेगळ्या होत्या. त्या पहिल्या टाळ्या तबकडीला होत्या. बाईंनी माइकवर वडिलांचं नाव सांगितलं, खणखणीत, त्या नटाने सांगितलं होतं तसंच, आणि खाली उतरून आपल्या जागेवर बसल्या.

चहाच्या वेळी मी प्राध्यापकांना राखीव कडव्यांचा प्रकार समजावून सांगितला. ते म्हणाले, "रोचक आहे." विद्वान माणूस जेव्हा एखाद्या गोष्टीचं काहीही करणार नसतो तेव्हा ती रोचक असते. त्यांच्या ग्रंथाची पुढची आवृत्ती दोन हजार सालानंतर निघाली, तिच्यात दीड ओळ तशीच आहे. मी ती बाईंना दाखवायला नेली तर त्यांनी उघडलीसुद्धा नाही. म्हणाल्या, झालं की आता, त्या दिवशी लोकांनी पाहिलं तिला विरघळताना. माझ्या कॅसेटवर ते कडवं आहे. बरोबर कपबशांचा आवाज आहे, त्या फिसकन हसण्याचा आहे, आणि शेवटी कुणीतरी रिक्षा मिळेल का विचारतंय तेही आहे. पुढे मुलीने त्याची सीडी करून दिली, ती म्हणाली हे मागचे आवाज काढून टाकता येतात. मी नको म्हटलं.

अध्यक्ष त्यानंतर प्रत्येक भाषणात सांगू लागले की मास्तरांचं एक लुप्त कडवं आपण उजेडात आणलं. माझ्यासारख्या माणसाची अडचण अशी की हे खरं आहे.

त्याहून मोठी अडचण म्हणजे ते बाईंकडे येऊ लागले. गाणी ऐकायची म्हणून फोन करून, वेळ ठरवून, आणि ती वेळ टळून गेल्यावर. मी एकदोनदा मुद्दाम बसलो, त्यांचं सोंग उघडं पडेल म्हणून. सोंग नव्हतं. दिवसभर लोकांना हसून दमलेला तो माणूस बाईंच्या आरामखुर्चीत बसे, तबकडी सुरू होई, आणि दुसऱ्या ओळीला त्याला डुलकी लागे. शेवटी नट स्वतःचं नाव ओरडे तेव्हा दचकून जागा होई आणि ओशाळून म्हणे, "बाई, वन्स मोअर." बाई सुई बाजूला ठेवत आणि राखीव कडवं म्हणत. झोपेत हुकलेलं पद ते हेच, अशी त्याची समजूत. त्या वेळी मात्र तो पूर्ण जागा असे. अशा रीतीने, दोन हजार सालानंतरच्या तीन-चार वर्षांत, एकेक करून मास्तरांच्या नायिका त्या माणसाच्या डुलक्यांमुळे मार्गी लागल्या. एकदा म्हटलं गेलेलं कडवं उतरवून घ्यायला बाईंची हरकत नव्हती. मी घेतली उतरवून. कुरकुर एकीतही नाही.

मी एकदा बाईंना विचारलं, ज्याने नीट ऐकलंही नाही त्याच्या पदरात हे सगळं पडावं, याचं मास्तरांना वाईट वाटत नसे का.

"ज्याने नीट ऐकलं त्याचं एकदा ऐकून भागतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही कधी दिलात का मनापासून वन्स मोअर? तुम्ही नीट ऐकता ना."

मी विषय बदलला.

अजून एक तबकडी राहिली होती, तिच्यावर चरा होता म्हणून बाई ती लावायला टाळत. शेवटी एका संध्याकाळी लावायचं ठरलं. अध्यक्षांना पाचची वेळ दिली होती. बायको वरून पोहे घेऊन आली, पोहे निवाले, तिने ते परत गरम केले. भोंगा होऊन, प्रेसचे लोक घरी येऊन, पुन्हा भाजीला बाहेर पडले. बाहेर अंधारलं, दारातून डास यायला लागले, म्हणून मी दार लावायला उठलो.

"राहू द्या उघडं," बाई म्हणाल्या. "येईल तो."